हरता डाव नशिबाने सुटत नाही

महोदय,

बुद्धिबळाच्या बातम्यांत ‘पराभव नशिबाने टळला’ असे वारंवार छापून येते. नशीब कसले? २०१६ची न्यूयॉर्कमधील जगज्जेतेपदाची लढत आठवा. तिसरा डाव ७८ चालींचा, चौथा ९४ चालींचा. दोन्हींत तेव्हाचा जगज्जेता कार्लसनचे पारडे जड, दोन्ही आव्हानवीर कार्याकिनने बरोबरीत सोडवले. चौथ्यात कार्लसनने ४५व्या चालीला प्यादे एफ ४ या घरात (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८) सरकवले आणि पटच बंद झाला. उंटांची जोडी हाताशी असून आत शिरायला वाट उरली नाही.

हत्तींच्या अंतिम पर्वात, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि मोजकी प्यादी उरतात तेव्हा, तर बचावाची रीत ठरलेली आहे. पांढरे प्यादे ई ५ वर, राजा डी ५ वर, काळा राजा ई ८ वर. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीत धरून ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादे ई ६ वर आले की हत्ती तडक पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. चुकते ते घाईमुळे: हत्ती आधीच खाली नेला, तर राजा सहाव्या ओळीत येतो आणि ई ५ वरच्या प्याद्याचा आडोसा घेतो.

१९६३-६४च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत हरत आलेल्या इव्हान्सने रेशेव्हस्कीविरुद्ध आधी वजीर जी ८ वर बळी दिला, मग हत्ती जी ७ वर. हत्ती घेतला तर स्टेलमेट (शह नाही, पण एकही चाल उरली नाही, म्हणून बरोबरी), सोडला तर शहांचा ससेमिरा!

बातमीसोबत पटाची छोटी आकृती आणि कळीची चाल छापायला दोन इंच जागा पुरे.

– एक वाचक, सांगली