‘भिंत वाळेपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्या गवंडीकाकांना

गवंडीकाका, सप्रेम नमस्कार.

आमच्या ओल्या भिंतीच्या कामाचा हिशोब तेव्हाच मिटला, आभार मात्र राहिले. समोर मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई, कामच आहे आमचं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आमच्या गोरेगावच्या जुन्या इमारतीची पश्चिमेची भिंत पाऊस नुसता झोडपून काढतो. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा सगळा त्याच अंगाला. गेल्या वर्षीच्या जुलैत सासूबाईंच्या खोलीत छताखाली काळी बुरशी धरली, पोपडे सुटले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. त्यात त्यांचा दमा. आधी आलेल्या कंत्राटदाराने भिंतीला हातही न लावता भाव सांगितला: खरवडू, पुट्टी भरू, वॉटरप्रूफ रंग मारू, गणपतीआधी खोली नवी.

तुम्ही आलात आणि रंगाचं नावही काढलं नाहीत. बोटांनी भिंत वाजवत गेलात, पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केलीत. मग पोळ्या गुंडाळायची फॉइल मागून घेतलीत आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून ती ओलीच्या जागी बसवलीत. दुसऱ्या दिवशी फॉइल सोडवली तर थेंब भिंतीकडच्या बाजूला. "खोलीतल्या दमट हवेचं असतं तर वरून घाम आला असता. हे पाणी भिंतीतून येतंय." मग खिडकीतून वाकून दाखवलंत: बीम आणि वीटकामाच्या सांध्यात लांब भेग, आणि तिच्यात मूळ धरून बसलेला पिंपळ. वीट आणि काँक्रीट ऊन-पावसात सारखं फुगत-आकसत नाही, म्हणून सांधा तिथेच उघडतो, हे मला तुमच्याकडून कळलं.

काम तिथल्या तिथे मिळत होतं, तरी तुम्ही ते घेतलं नाहीत. ओल्या भिंतीवर रंग चढवला की पाणी आत कोंडतं आणि रंगासकट पुट्टी सुटून येते, तुमचे पैसे पाण्यात जातील, असं स्पष्ट सांगितलंत. "भिंत वाळू द्या. दिवाळीनंतर परांची बांधू." मुंबईत पावसाळ्यात इतकं खरं बोलणारा माणूस भेटणं किती अवघड आहे, हे ज्यांच्या घरात ओल आहे त्यांना विचारावं.

तोवर घर कसं सांभाळायचं तेही तुम्हीच शिकवलंत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, खोलीत कपडे वाळत घालणं बंद केलं, सासूबाईंना हॉलमध्ये झोपवलं. बुरशी कोरड्या ब्रशने घासली की तिचे कण उडून छातीत जातात, म्हणून मास्क लावून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसायची आणि जागा लगेच कोरडी करायची. शेजारच्या वहिनी ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळायला निघाल्या होत्या. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, असं सांगून तुम्ही त्यांना थांबवलंत. त्यांचेही आभार या पत्रात धरा.

बाहेरची भिंत सोसायटीची, खर्चही सोसायटीचा, हे आमच्या सेक्रेटरींना तुम्ही शांतपणे पटवलंत. माझ्याच्याने ते झालं नसतं. दिवाळीनंतर पिंपळ मुळासकट काढलात, भेग रुंद करून साफ केलीत, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरून सांध्यावर जाळी मारलीत, मग प्लास्टर. त्यावर रोज पाणी मारायला तुमचा हाताखालचा मुलगा न चुकता यायचा. आतला रंग तर उन्हाळ्यात, सगळ्यात शेवटी.

हा जुलै तसाच कोसळून गेला. भिंत कोरडी आहे, साड्या कपाटात परत लागल्या आहेत आणि सासूबाई आपल्या खोलीत आहेत. त्यांचा निरोप आहे: त्या मुलालाही घेऊन एका रविवारी जेवायला या. नाही म्हणू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई