सोलर किट घरपोच, मदत बेपत्ता

संपादक महोदय,
गच्चीवर स्वतःच बसवायचा म्हणून सोलर किट ऑनलाइन मागवला. पॅनेलची वीज नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरवरचा लाल दिवा काही विझेना. मदत केंद्राला नऊ फोन केले. दर वेळी नवा माणूस, पुन्हा तेच ‘बंद करून चालू करा’. एकाने तर रात्री आठला विचारलं, ‘पॅनेल उन्हात आहे ना?’ अखेर शाहूपुरीतल्या वायरमनने मीटर लावला. ४५ व्होल्टची दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली; व्होल्टची बेरीज ९०. कंट्रोलरची मर्यादा ७५! जळला नाही हे नशीब. पॅरलल, म्हणजे व्होल्टची बेरीज होणार नाही असं समांतर जोडताच दिवा हिरवा. किटमधल्या आकृतीत मात्र सिरीजच छापलंय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. कंपनीने निदान ती आकृती तरी बदलावी.

– एक ग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर