पुस्तकातला पटका

मलकापूर, ता. शाहूवाडी

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून पत्रच लिहायला बसलो. बालभारतीच्या संकेतस्थळावरची आपल्या वेळची पुस्तकं तू सईला दाखवलीस, फार बरं केलंस. पण 'ही माणसं किती गावंढळ कपड्यांत आहेत' असं ती म्हणाली आणि तू नुसता 'तेव्हा तसंच होतं' म्हणून मोकळा झालास, ते मला लागलं.

तेव्हाची चित्रं आठव. पटका बांधलेला शेतकरी, धोतर-टोपीतले आजोबा, नऊवारीतली बाई, दोन वेण्यांना रिबिनी बांधलेली मुलगी. एकदा काढलेलं चित्र अभ्यासक्रम बदलेपर्यंत दरवर्षी तेच छापायचं. त्यात आपण पुस्तकं घ्यायचो वरच्या वर्गातल्या पोरांकडून, निम्म्या किमतीत. फॅशन तिथवर पोचणार कधी?

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. एकदा कंदिलाशी मी धडा वाचत बसलो होतो, तर ती जवळ सरकली आणि चित्रातल्या बाईच्या लुगड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "कासोटा बराबर घातलाय बघ. ही लावणीला जाणारी हाय." मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून कासोटा घट्ट ओढला की चिखलात पाय कसे मोकळे राहतात, दिवसभर वाकून रोप लावलं तरी लुगडं कसं सुटत नाही, हे तिनं मला उभं राहून दाखवलं. अख्ख्या पुस्तकात तिला वाचता आलेलं ते एक पान. त्या बाईला पाचवारी नेसवली असती तर आजी जवळ आलीच नसती.

आणि तुझे अण्णा. पंधरा ऑगस्टला धोतर-पटक्यात झेंडावंदनाला आले, तेव्हा "पुस्तकातला शेतकरी आला रे!" म्हणून पोरं ओरडली. मीही हसलो होतो, दिल्या. तू मान खाली घातलीस, ती मला अजून दिसते. पुस्तकात छापून येण्याइतका मान ज्या पोशाखाला होता, त्याचीच लाज वाटायला आपण कुठं शिकलो, कळत नाही. पुस्तकानं तर ती शिकवली नव्हती.

सगळं जुनं तसंच ठेवा, असं मी म्हणत नाही. आई कायम चुलीपाशी आणि बाबा खुर्चीत पेपर वाचत, हे बदलायलाच हवं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, ते पान मी वर्गात प्रत्येकाच्या हातात दिलं. पण आईच्या कामाचं चित्र बदलणं वेगळं आणि तिच्या लुगड्याला हसणं वेगळं. हे सईला तूच सांग. तुझं ती ऐकेल.

माझ्या वर्गातल्या पोरांनी पटका बघितलाय तो लग्नातला, भाड्यानं आणलेला, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. लांब कापड डोक्याला गुंडाळून बांधायचं असतं, हे त्यांना खरंच वाटत नाही. अण्णांचा विहिरीवरचा फोटो तुझ्याकडे आहे ना? त्याची प्रत पाठव. आणि जुलैत लावणीला सईला घेऊन ये. आमची आई अजून नऊवारीतच चिखलात उतरते.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू