गाणे कोणाच्या तोंडी?

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून दुखतो, एवढेच. घरचे सर्व खुशाल आहेत.

पत्राचे कारण निराळे आहे. आमच्या चर्चच्या उपासनेत आता निवडक गायक मायक्रोफोनवर गाणार आहेत आणि त्यांत टेनरची, म्हणजे चार आवाजांच्या गायनातल्या पुरुषांच्या उंच आवाजाची, जागा मला देऊ केली आहे. मी अजून होकार दिलेला नाही. केवळ हौसेने गाणाऱ्या माणसाला असा मान मिळाल्यावर तो अडखळतो का, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

गेल्या रविवारी त्याची पहिली चाचणी झाली. माझ्या मागच्या बाकावरचे काका तुला आठवत असतील. ते नेहमी अर्धी मात्रा मागे असतात आणि शेवटचा स्वर सर्वांनी सोडल्यावरही धरून ठेवतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते गात होते. तिसऱ्याला स्पीकरमधून चारही आवाज इतके नेटके आले, की त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि ते ऐकत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, हे मी नाकारत नाही. पण ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडले नाही.

देवापुढे उत्तम तेच ठेवावे, असे तू म्हणशील. जर्मन संगीतकार बाखवरून आपण भांडलो त्या रात्रीही तू हेच म्हणाला होतास, तावातावाने निघून गेला होतास आणि छत्रीसाठी परत आला होतास! आपल्या अनेक रचनांच्या शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ अशा अर्थाची आद्याक्षरे लिहिणाऱ्या माणसाची साधना मला आजही तितकीच पूज्य वाटते. पण बाखच्या उपासनेतही मंडळी स्वतः गात असे, हा माझा मुद्दा तू तेव्हाही ऐकून घेतला नव्हतास.

माझी खरी काळजी याहून खोल आहे. चाल एका स्वरावर थांबलेली असताना खालून टेनर अर्ध्या स्वराने चढतो आणि सगळी संगती पालटते, त्या क्षणी माझा ऊर भरून येतो. मात्र त्या ओळीत काय म्हटले होते, ते पुष्कळदा मला सांगता येत नाही. संत ऑगस्टीन या बिशपने इसवी सन 400 च्या सुमारास आपल्या आत्मनिवेदनात हेच लिहिले आहे: शब्दांपेक्षा सुरांनीच मन हेलावले, तर ते आपले पाप आहे. तरीही विश्वासाच्या आरंभीच्या दिवसांत मंडळीची गीते ऐकून आलेले अश्रू आठवून त्याने गायनाला मान्यता दिली. सोळाव्या शतकातला स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा, पण झुरिकच्या उपासनेतून त्याने संगीतच काढून टाकले. त्या वाटेने मला जाववत नाही. प्रभुभोजनानंतर आपला तारणारा शिष्यांसह गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाला. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते.

‘बंदिवान ऐकत होते’ हे तिथलेच वाक्य तू माझ्याविरुद्ध वापरशील, हे मला ठाऊक आहे. पण ते दोघे बंदिवानांना ऐकवण्यासाठी गात नव्हते, देवाला गात होते. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1761 साली गायनाचे जे नियम छापले, त्यांत सर्वांनी गावे, इतरांहून वेगळा ऐकू येईल असा आवाज चढवू नये, आणि प्रत्येक शब्दात देवाकडे लक्ष असावे, असे सांगितले आहे. मायक्रोफोन हाती घेतल्यावर यातला दुसरा नियम मी कसा पाळू?

म्हणून पाळकांना सांगावे म्हणतो, की सरावाला मी येईन, टेनर बसवीन, हवे तर नवशिक्यांना शिकवीनही. गाईन मात्र बाकावरूनच, काकांच्या पुढे बसून. त्यांचा आवाज मागे ऐकू आला, तर शब्दही माझ्या ध्यानात राहतील, असे मला मनापासून वाटते.

तुझ्या बदलीचे काय झाले? आईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना? धाकटीला आशीर्वाद. मला उत्तर येत्या रविवारच्या आत द्यायचे आहे. तेव्हा पत्र लगेच लिही आणि भांडायचे असेल तर सविस्तर भांड.

तुझाच,
जुना टेनर