रविवारच्या प्रयोगाआधी वाचा

सभासदहो, रविवारी दुपारी साडेबाराला बालगंधर्व रंगमंदिरात आपला प्रयोग आहे. तिकिटं बारापासून दारातच वाटू. दुसऱ्या घंटेला खुर्चीत असा. तिसरी झाली की पडदा उघडतो. मग अंधारात ‘सॉरी हं’ म्हणत दहा जणांचे गुडघे ओलांडणं आलं.

आता मोबाइल. मागच्या नाटकात बाप गेल्याचं कळून मुलगा नुसता उभा होता. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तेवढ्यात आपल्याच रांगेत आरती वाजली! बरं, फोन कापावा, तर आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी तो उचलला. ‘नाटकात आहे, मागून करतो’ हे पार बाल्कनीपर्यंत गेलं. नटानं तो थांबा आणखी ताणून धरला, म्हणून निभावलं. सिनेमातल्या माणसाला आपण ऐकू जात नाही, याला जातो.

तेव्हा फोन सायलेंट नको, बंद. मांडीवर स्क्रीन पेटला की मागच्या रांगांचं लक्ष तिकडेच जातं. घरी आजारी माणूस असेल त्यांनी शनिवारपर्यंत सांगा, दाराजवळची खुर्ची देऊ.

वेफर्सची पाकिटं आत उघडू नका. मध्यंतरात बटाटेवडा आहेच, पण रांग लावून. (मागच्या वेळी मीही मध्येच घुसलो होतो. माफी असावी.)

शेवटी कलाकार नमस्काराला येतात, तेव्हा पार्किंगकडे पळू नका. गाडी कुठे जात नाही.

– सचिव