रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या नकोत

माननीय संपादक,

‘अँटिऑक्सिडंट म्हणजे कॅन्सरवर उतारा’ हे आरोग्य पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून इतक्यांदा सांगितले जाते की, मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झाले की टाके निघण्याआधीच पेशंटच्या घरी ग्लुटाथायोन आणि एन-ॲसिटिलसिस्टीनच्या डब्या येऊन पडतात. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका अतिशय आक्रमक कॅन्सरच्या गाठीत, हा समज महागात पडू शकतो.

या गाठीच्या पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तर अनेक मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) फुगलेले आणि त्यांच्या आतल्या घड्या तुटून विरलेल्या दिसतात. अशा बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियातून फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीची मोडतोड करणारे अस्थिर रेणू, जास्त गळतात. त्यांना आवरायला गाठ स्वतःच अँटिऑक्सिडंट बनवते, मुख्यतः ग्लुटाथायोन. ते बनवायला सिस्टीन हे अमिनो ॲसिड लागते. सिस्टीन मिळवायला पेशीच्या आवरणात अदलाबदलीचा एक दरवाजा असतो: दोन सिस्टीनची जोडी आत घ्यायची, बदल्यात ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो ॲसिडचा एक रेणू बाहेर टाकायचा. हे ग्लुटामेट शेजारच्या निरोगी चेतापेशींना चेतवते; ग्लिओमाच्या (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या गाठींच्या) पेशंटला फिट येण्यामागचे ते एक कारण आहे. सिस्टीनसाठी गाठ एवढा खटाटोप करते, आणि एन-ॲसिटिलसिस्टीनच्या गोळीतून आपण तेच तिला आयते पुरवायला निघतो.

दुसरी गोष्ट रेडिएशनची. नेहमीचा कोर्स 60 ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसचे माप), 30 फ्रॅक्शनमध्ये म्हणजे हप्त्यांत, सहा आठवडे; सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध रोज, सुट्टीच्या दिवशीही, शरीराच्या दर चौरस मीटरला 75 मिलिग्रॅम. क्ष-किरणांमुळे डीएनएची जी मोडतोड होते, त्यातली सुमारे दोन तृतीयांश थेट होत नाही. पेशीतले पाणी फुटून तयार झालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल ती करतात. हेच रॅडिकल विझवणे हे अँटिऑक्सिडंटचे काम.

कॅनडातल्या क्विबेकमध्ये घशा-तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशनच्या काळात 400 युनिट व्हिटॅमिन ई आणि 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन रोज दिले गेले. 2005 मध्ये निष्कर्ष आले: रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला, पण गाठ परत येण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत जास्त भरले. गाठ मेंदूची नव्हती हे खरे, पण किरणांचे काम दोन्हीकडे सारखेच चालते.

व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसची सलाईन ही आणखी वेगळी बाब. शिरेतून दिलेला तो डोस उलट गाठीच्या पेशींना मारक ठरू शकणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो, म्हणून त्यावर चाचण्या झाल्या आहेत. जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, त्यामुळे आधी ती तपासणी हवीच. शिवाय सलाईननंतर काही तास अनेक ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असल्याने साखर आधीच वाढलेली असते. घरचे तो आकडा पाहून इन्सुलिन वाढवतात आणि साखर एकदम खाली येते. अशा वेळी लॅबमधून रक्त तपासून घ्यावे.

जेवणातला आवळा, हळद, फळे बंद करायचे कारण नाही. डबीतल्या गोळ्या, पावडरी आणि काढ्यांचे अर्क मात्र पहिल्या फ्रॅक्शनआधीच रेडिएशनच्या डॉक्टरांपुढे ठेवावेत. नाव तोंडी सांगू नये, डबीच न्यावी. ‘मल्टिव्हिटॅमिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीतही अल्फा लिपोइक ॲसिड हे अँटिऑक्सिडंट किंवा 400 युनिट व्हिटॅमिन ई असू शकते. पुरवणीत अँटिऑक्सिडंटवर लेख छापताना, रेडिएशन चालू असलेल्यांसाठी एवढी सूचना त्याच पानावर द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे