सत्तावीस कोटींना रनांनी भागून काय कळतं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा सांगलीचा, तुमचा ई-पेपर रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. परवा स्पोर्ट्सच्या पानावर आयपीएलच्या पैशांवर लेख होता, लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, २०२५ च्या सीझनला त्याचे २६९ रन झाले, म्हणजे एक रन दहा लाखाला पडला वगैरे. भागाकार बरोबर आहे हो, पण लिलावातली किंमत अशी काढतच नाहीत. हे मी क्रिकेटवरून सांगत नाहीये, इथल्या फॅन्टसी फुटबॉलमध्ये हात पोळून घेतलेत म्हणून सांगतोय.

फुटबॉल म्हणजे इथलं, हेल्मेटवालं. आमच्या ऑफिसातले १२ जण दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पिझ्झा मागवून जमतात, प्रत्येकाला २०० खोटे डॉलर, त्यात १६ खेळाडू घ्यायचे, कमीत कमी बोली एक डॉलर. मग सीझनभर त्या खेळाडूंनी खऱ्या मॅचमध्ये चेंडू जेवढे यार्ड पुढे नेला, शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केले, तेवढे पॉइंट आपल्याला. ही लिलावाची पद्धत आली बेसबॉलमधून, १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली, त्यात २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू घ्यायचे असा नियम रूढ झाला.

पहिल्या वर्षी मीही तुमच्या लेखासारखाच हिशोब केला, जो जास्त पॉइंट काढतो तो महाग. आणि आपटलो. कारण पॉइंट सगळ्यात जास्त क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे होतात, पण प्रत्येक टीमला तो एकच लागतो, १२ टीमना १२, त्यामुळे पहिल्या नंबरचा आणि फुकटात मिळणारा तेरावा यांच्यात फार फरक उरत नाही. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे, मात्र प्रत्येकाला दोन-तीन लागतात, तिसाव्या नंबरपर्यंत माल पार हलका झालेला असतो. म्हणून खेळाडूचे एकूण पॉइंट बघायचे नाहीत, तो नसता तर एका डॉलरला जो मिळाला असता त्याच्यापेक्षा हा किती जास्त देतो तेवढंच बघायचं.

आता पैसे. १२ गुणिले २०० म्हणजे २४०० डॉलर. त्यातले १९२ बाजूला, कारण १९२ खेळाडू आहेत आणि प्रत्येकाला एक डॉलर तरी जाणारच. उरले २२०८. सगळ्यांचे ते 'जास्तीचे' पॉइंट एकत्र केले आणि समजा ५५२० आले, तर एका जास्तीच्या पॉइंटला ४० सेंट. मग ३०० पॉइंटचा रनिंग बॅक, त्याच्या जागी येणारा १४० चा, फरक १६०, त्याचे ६४ आणि बाजूला ठेवलेला तो एक, किंमत ६५ डॉलर. ३७० पॉइंटचा क्वार्टरबॅक, तेरावा ३०० चा, फरक ७०, किंमत २९. सत्तर पॉइंट जास्त काढूनही निम्म्याहून कमी भाव! मी हे शीट पहिल्यांदा बायकोला दाखवलं तर ती म्हणाली एवढं डोकं टॅक्स भरताना लाव.

पण शीटवरचा भाव आणि खोलीतला भाव वेगळे. वडील हळदीच्या सौद्याला न्यायचे तेव्हा सांगायचे की मुहूर्ताच्या पोत्याचा दर धरून चालू नकोस, तो हौसेचा असतो. इथेही तेच, पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांचे खिसे भरलेले असतात म्हणून जाणती माणसं आपल्याला नको असलेल्या मोठ्या नावांनाच आधी पुकारतात, दुसऱ्यांचे पैसे तिथे जाऊ देतात. मी एकदा असाच समोरच्याला खर्चात पाडायला ३१ डॉलर म्हणालो आणि सगळे एकदम गप्प, कोणीतरी पिझ्झ्याचा बॉक्स उघडला तेवढाच आवाज. माझ्याकडे एक क्वार्टरबॅक आधीच होता, आता दोन झाले.

२०२४ चं सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक क्रिश्चन मॅकॅफ्री, आदल्या वर्षी १४५९ यार्ड धावून, कॅच घेऊन आणखी ५६४ यार्ड, २१ टचडाउन. माझ्या शीटवर ६६ होता, ६८ ला घेतला. मग एक रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, ४१ ला घेतला, त्यामुळे सेकॉन बार्कली हा दुसरा रनिंग बॅक पुकारला गेला तेव्हा माझ्याकडे १४ जागांसाठी ९१ उरले होते, ४० ला मी हात खाली घेतला, तो ४६ ला गेला. पुढे काय झालं ते इथे शेंबड्या पोरालाही माहितीये, मॅकॅफ्री दुखापतीने फक्त चार मॅच खेळला आणि बार्कलीने फिलाडेल्फियाकडून २००५ यार्ड काढले. ऑफिसात अजून विचारतात, एक मॅच सतराला पडली का रे? पण ६८ हा भाव चुकलेला नव्हता, त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर तो बरोबरच होता. बोली सीझनच्या आधी लागते, भागाकार सीझननंतर करता येतो.

तीच गोष्ट पंतची. जेद्दाच्या लिलावात दिल्लीने २०.७५ कोटींवर राइट टू मॅच, म्हणजे तेवढीच बोली देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क, वापरला तेव्हा लखनौने आकडा थेट २७ वर नेला. एकूण १२० कोटींच्या पर्समधले हे साडेबावीस टक्के, म्हणजे आमच्या २०० डॉलरच्या भाषेत ४५ डॉलर, मॅकॅफ्रीपेक्षा कितीतरी कमी. पण लखनौचे ५१ कोटी आधीच रिटेन्शनमध्ये, म्हणजे जुने खेळाडू राखण्यात गेले होते, हातात ६९, त्यातले २७ म्हणजे जवळजवळ ३९ टक्के! उलट पंजाबने दोघांनाच ठेवलेलं, ११०.५ कोटी घेऊन बसले होते, त्यांना श्रेयस अय्यरचे २६.७५ जड गेले नाहीत. जुने खेळाडू स्वस्तात राखले की बाकीच्यांचा भाव फुगतो, आमच्याकडे याला सरळ इन्फ्लेशनच म्हणतात. १८०० डॉलरचा माल उरलाय आणि खोलीत २००० डॉलर आहेत, तर ५० चा खेळाडू ५५ ला जाणारच, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या लिलावाला तुम्ही तो मोठा तक्ता छापाल, खेळाडू, टीम, बेस प्राइस, बोली, त्यात अजून एक रकाना टाका, बोली लागली तेव्हा त्या टीमकडे किती पैसे आणि किती जागा उरल्या होत्या. जागा कमी पडत असेल तर खेळाडूंचे फोटो थोडे छोटे करा.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी